‘बिलव्हेड’ : कात्रण, कादंबरी आणि चित्रपट

ऐतिहासिक साधनांच्या संशोधनास वाहिलेल्या या त्रैमासिकांत एका अमेरिकन चित्रपटाचें परीक्षण पाहून कित्येक वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्या कृतीचा विचार येथें करावयाचा आहे तिचें मूळ एका जुन्या छापील कागदांत आहे. त्या कागदावरून कादंबरी झाली, कादंबरीवरून चित्रपट झाला. आणि या दोन स्थित्यंतरांत मूळ साधनाची काय गति झाली, हा प्रश्न कागद जमविणाऱ्या व वाचणाऱ्या मंडळींचाच आहे. फाटलेल्या कागदांतील गेलेला मजकूर संपादकानें भरून काढावा कीं ती जागा मोकळी ठेवावी, हा वाद आपल्यांत नवा नाहीं. टोनी मॉरिसन यांची १९८७ सालीं प्रसिद्ध झालेली ‘बिलव्हेड’ ही कादंबरी आणि जोनाथन डेमी यांनीं दिग्दर्शित केलेला, ऑक्टोबर १९९८ मध्यें प्रदर्शित झालेला त्याच नांवाचा चित्रपट, हीं या वादाचीं दोन निरनिराळीं उत्तरें आहेत. आमच्या मतें पहिलें उत्तर यथार्थ आहे. दुसरें सद्धेतूनें दिलेलें व पुष्कळ अंशीं समर्थ असलें, तरी मूळ प्रश्नास बगल देणारें आहे. हें मत कां बनलें तें साधनांपासून आरंभ करून क्रमानें सांगतों.

मूळ हकीकत अशी. जानेवारी १८५६ च्या अखेरीस केंटकी संस्थानाच्या बून परगण्यांतून गुलामांचा सतरा जणांचा एक जमाव निघाला आणि गोठलेली ओहायो नदी बर्फावरून ओलांडून सिनसिनाटी शहरांत आला. नदीच्या दक्षिणेस गुलामगिरी कायदेशीर होती, उत्तरेस ओहायो संस्थानांत ती निषिद्ध होती. या जमावांत मार्गारेट गार्नर नांवाची सुमारें बावीस वर्षांची स्त्री होती. बरोबर नवरा रॉबर्ट, चार मुलें आणि सासूसासरे होते. एका स्वतंत्र कृष्णवर्णीय आप्ताच्या घरीं या कुटुंबानें आश्रय घेतला. मार्गारेटचा मालक आर्चिबाल्ड गेन्स हा सरकारी मार्शलचीं माणसें घेऊन तेथें पोचला व त्यानें घरास वेढा दिला. आतां आपण व आपलीं मुलें पुन्हां गुलामगिरींत जाणार, हें दिसतांच मार्गारेटनें आपल्या सुमारें दोन वर्षांच्या मेरी नांवाच्या मुलीचा सुरीनें गळा कापला. इतर मुलांसही मारण्याचा तिनें प्रयत्न केला. पण तेवढ्यांत ती धरली गेली.

पुढें जो दावा चालला तो आपल्या वाचकांनीं लक्षपूर्वक पाहावा असा आहे. १८५० च्या फरारी गुलामांसंबंधींच्या कायद्यान्वयें, पळालेला गुलाम देशाच्या कोणत्याही भागांत सांपडला तरी तो मालकास परत देणें भाग होतें. मार्गारेटच्या बाजूचा वकील जॉन जॉलिफ यानें अशी मागणी केली कीं, तिला परत न देतां ओहायोंतच तिच्यावर खुनाचा खटला चालवावा. वकिलानें आपल्या अशिलावर खुनाचा आरोप ठेवण्याचा आग्रह धरावा, ही गोष्ट वरवर विपरीत दिसते. पण तींतील मर्म उघड आहे. खुनाचा आरोप माणसावरच ठेवतां येतो. तो आरोप टिकला असता तर मार्गारेट कायद्याच्या दृष्टीनें माणूस ठरली असती, आणि मेरीही कोणाची तरी मारली गेलेली मुलगी ठरली असती. मालकाचा दावा टिकला तर आई ही हरवून सांपडलेली वस्तु आणि मुलगी ही बुडालेली रक्कम. कमिशनर जॉन पेंडरी यानें मालकाचा दावा मान्य केला. मार्गारेट केंटकींत परत गेली व तेथून तिला दक्षिणेकडे पाठविण्यांत आलें. मार्च १८५६ मध्यें ती ज्या ‘हेन्री लुइस’ नांवाच्या आगबोटीवर होती तिला अपघात होऊन तिची तान्ही मुलगी बुडाली. १८५८ सालीं मिसिसिपी संस्थानांत मार्गारेट विषमज्वरानें मरण पावली.

या प्रकरणाचीं साधनें म्हणजे त्या वेळच्या वृत्तपत्रांतील बातम्या, दाव्याचे वृत्तान्त, तुरुंगांत तिला भेटून आलेल्या बॅसेट नांवाच्या एका धर्मोपदेशकानें फेब्रुवारी १८५६ मध्यें छापलेला लेख, आणि गुलामांस पळून जाण्यास साह्य करणारे लेव्हाय कॉफिन यांच्या १८७६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आठवणी. साधनें थोडीं नाहींत. परंतु हीं सर्व परहस्तें लिहिलेलीं आहेत. मार्गारेटचे म्हणून जे शब्द मिळतात ते दुसऱ्यानें ऐकून, आपल्या मतलबास जुळतील तसे निवडून छापलेले आहेत. त्या देशांतील गुलामांच्या बाबतींत हा नियमच होता. अमेरिकेच्या १८५० व १८६० च्या खानेसुमारींत गुलामांच्या याद्या निराळ्या केलेल्या आहेत. त्यांत मालकाचें नांव पूर्ण असतें आणि त्याखालीं गुलामांचें वय, लिंग व वर्ण एवढेंच लिहिलेलें असतें. नांवाचा रकानाच त्यांच्यासाठीं नाहीं. ज्या दफ्तरांत माणसास नांव नाहीं त्या दफ्तरावरून त्याचा इतिहास कसा लिहावा? मॉरिसनबाईंच्या कादंबरीचा उगम या अडचणींत आहे.

कादंबरीकडे वळण्यापूर्वीं या हकीकतीच्या एका जुन्या चित्राचा उल्लेख केला पाहिजे. कारण चित्रपटाविषयीं पुढें जें म्हणावयाचें आहे त्याचा दाखला त्यांत आधींच मिळतो. १८६७ सालीं टॉमस सॅटरव्हाइट नोबल या चित्रकारानें ‘द मॉडर्न मिडीया’ या नांवानें हा प्रसंग रंगविला. मिडीया ही ग्रीक पुराणांतील, नवऱ्यावर सूड घेण्यासाठीं आपलींच मुलें मारणारी स्त्री. नोबलच्या चित्रांत मार्गारेट मोठ्या आवेशानें उभी आहे, समोर पकडण्यास आलेले गोरे पुरुष आहेत आणि जमिनीवर दोन मुलगे मरून पडलेले आहेत. कागद सांगतात एक मुलगी; चित्र दाखवितें दोन मुलगे. मिडीयाच्या कथेंत दोन मुलगे आहेत, म्हणून चित्रांतही दोन मुलगे आले. अशा रीतीनें साधनांपेक्षां प्रसिद्ध उपमा बलवत्तर ठरली, आणि जिच्यासाठीं हा सारा अनर्थ घडला ती मेरी चित्रांतून नाहींशी झाली. वस्तु डोळ्यांपुढें उभी करण्याच्या हौसेंत प्रथम बळी जातो तो बारीक तपशिलाचा, हें येथें स्पष्ट दिसतें.

मॉरिसनबाई कादंबरीकार म्हणून प्रसिद्धीस येत होत्या त्या काळांत रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेंत संपादकाचें काम करीत. तेथें १९७४ सालीं त्यांच्या देखरेखीखालीं ‘द ब्लॅक बुक’ नांवाचा एक ग्रंथ निघाला. मिडलटन हॅरिस व त्यांचे सहकारी यांनीं वर्षानुवर्षें जमविलेलीं कात्रणें, जाहिराती, छायाचित्रें, विक्रीचे कागद असा तो संग्रह होता. संग्राहकाच्या वेडापायीं किती मोठें कार्य होऊं शकतें याचें हें उत्तम उदाहरण होय; कारण याच संग्रहांत मार्गारेट गार्नरची जुनी बातमी पुनः छापली गेली, आणि तीवरून पुढें कादंबरी सुचली. येथें आमच्यासारख्यांस चमत्कारिक वाटेल अशी एक गोष्ट बाईंनीं केली. त्यांनीं मार्गारेटच्या चरित्राचा अधिक शोध मुद्दामच घेतला नाहीं. संशोधकाच्या दृष्टीनें हा प्रमाद. पण त्यांचा विचार असा होता कीं, जें साधनांत कधींच नव्हतें तें आणखी साधनें पाहून मिळणार नाहीं. म्हणून त्यांनीं नांवें बदललीं, घटना बदलल्या, आणि आपली सेथे ही नायिका निर्माण केली. कादंबरीची अर्पणपत्रिका पाहा. तींत कोणा व्यक्तीचें नांव नाहीं. सहा कोटींहून अधिक एवढी संख्या आहे.

कादंबरीचा काल १८७३, म्हणजे गुलामगिरी नष्ट झाल्यानंतर आठ वर्षें. सिनसिनाटीच्या बाहेर ब्लूस्टोन रस्त्यावरील १२४ क्रमांकाच्या घरांत सेथे आपल्या डेन्व्हर नांवाच्या मुलीसह राहते. अठरा वर्षांपूर्वीं ती केंटकींतून पळून आली होती; अठ्ठावीस दिवस स्वतंत्रपणें राहिली; मग मालकाचीं माणसें आलीं आणि तिनें आपल्या तान्ह्या मुलीस मारलें. त्या मुलीचें भूत घरांत वावरतें. पूर्वीं त्याच मळ्यावर गुलाम असलेला पॉल डी येतो व भूतास हांकून लावतो. नंतर एक अनोळखी तरुणी येते आणि आपलें नांव बिलव्हेड असें सांगते. घराच्या आंकड्यांतही एक आणि दोन यांनंतर चार येतो. मधला तीन नाहीं. तिसरें मूल नाहीं, असें कित्येक वाचकांनीं त्यावरून वाचलें आहे, आणि तें वाचन आम्हांस ग्राह्य वाटतें.

आतां या कथानकांत कागदपत्रांचें स्थान काय आहे तें पाहावें. पहिली गोष्ट, ती हत्या. कादंबरींत हा प्रसंग प्रथम येतो तो सेथेच्या किंवा तिच्या कोणा आप्ताच्या दृष्टीनें नव्हे, तर तिला धरण्यास आलेल्या चौघा घोडेस्वारांच्या दृष्टीनें. त्यांच्या मनांत चालतो तो हिशेब: किती जीव कामाचे राहिले, किती वायां गेले, परत नेण्यासारखें कांहीं उरलें कीं नाहीं. शत्रुपक्षाचा कागद आधीं वाचावा आणि त्यावरून स्वपक्षाची हकीकत काढावी, ही पद्धति आपल्या वाचकांच्या पूर्ण परिचयाची आहे. येथें कादंबरीकर्त्रीनें तीच योजिली आहे. वाचकास शत्रूच्या भाषेंतून जावें लागतें, आणि त्या भाषेंत काय मावत नाहीं तें त्याचें त्यालाच कळूं लागतें.

दुसरी गोष्ट, तें कात्रण. स्टँप पेड नांवाचा एक वृद्ध गृहस्थ पॉल डी यास वृत्तपत्राचें जुनें कात्रण दाखवितो. पॉल डी यास वाचतां येत नाहीं. तो चित्रांतील चेहऱ्याकडे पाहतो आणि हें तोंड सेथेचें नव्हेच असें पुनः पुनः म्हणतो. त्याचें म्हणणें एका अर्थानें खोटें आहे, कारण बातमी सेथेचीच आहे. पण दुसऱ्या अर्थानें तें खरें आहे, कारण बातमी लिहिणाऱ्यास जी स्त्री दिसली ती पॉल डी यास ठाऊक असलेली स्त्री नव्हे. अस्सल कागद आणि असत्य साक्ष हीं एकाच तुकड्यावर नांदूं शकतात, हें इतक्या थोडक्यांत दाखविणारा दुसरा प्रसंग आमच्या वाचनांत नाहीं.

तिसरी गोष्ट, शाई. सेथे ज्या मळ्यावर होती तेथील नवा कारभारी शाळामास्तर या नांवानेंच ओळखला जातो. तो वही घेऊन गुलामांचीं मोजमापें करतो, प्रश्न विचारतो आणि उत्तरें टिपून ठेवतो. एके दिवशीं तो आपल्या शिष्यांस सांगत असतो कीं, सेथेचीं मनुष्यासारखीं लक्षणें एका बाजूस व पशूसारखीं लक्षणें दुसऱ्या बाजूस लिहा. आणि तें सेथेच्या कानीं पडतें. ज्या शाईनें हें लिहिलें जातें ती शाई सेथेनेंच स्वहस्तें तयार केलेली असते, आणि मास्तरास तीच शाई पसंत असते. अनेक वर्षांनंतर, सर्व कांहीं घडून गेल्यावर, सेथेच्या मनास लागून राहिलेलें शल्य हें कीं, आपण शाई केली नसती तर त्यास तें लिहितां आलें नसतें. जुन्या पोथ्यांची शाई कशी केली जाई, काजळ कोणतें, डिंक किती, हें आपण आवडीनें शोधतों. ती घोटणारे हात कोणाचे होते आणि त्या हातांविषयीं तिनें काय लिहिलें गेलें, हा प्रश्न या कादंबरीमुळें आपल्यापुढें उभा राहतो.

चौथी गोष्ट, तो दगड. मेलेल्या मुलीच्या थडग्यावर एक शब्द कोरलेला आहे. कोरणाऱ्यास देण्यास सेथेजवळ पैसे नव्हते. त्यानें दहा मिनिटांच्या देहविक्रयाच्या मोबदल्यांत सात अक्षरें कोरून दिलीं. आणखी दहा मिनिटें दिलीं असतीं तर आणखी एक शब्द मिळाला असता, ही रुखरुख तिला पुढें सतत लागते. शिलालेख वाचणाऱ्यास अक्षरें दिसतात. त्यांची किंमत कोठेंच कोरलेली नसते.

या चारही गोष्टींत एक समान सूत्र आहे. कादंबरी कागदास खोटा म्हणत नाहीं, आणि कागदास जें ठाऊक नाहीं तें आपणांस पूर्ण ठाऊक असल्याचा आवही आणीत नाहीं. ती कागदाच्या कडेस उभी राहून, येथें मजकूर गेला आहे, इतकें वारंवार दाखविते. कल्पनेनें जें भरावयाचें तें भरतांनाही ती जागा भरलेली आहे हें वाचकास विसरूं देत नाहीं.

आतां चित्रपट. ऑप्रा विन्फ्री या सुप्रसिद्ध दूरचित्रवाणी-निवेदिकेनें कादंबरी प्रसिद्ध झाल्यावर लवकरच तिचे हक्क घेतले आणि सुमारें दहा वर्षें खटपट करून तो तडीस नेला. सेथेची भूमिकाही त्यांनींच केली आहे. पॉल डी हा डॅनी ग्लोव्हर यांनीं, डेन्व्हर ही किंबर्ली एलीस यांनीं, बिलव्हेड ही थँडीवे न्यूटन यांनीं (त्या वेळीं त्यांचें नांव थँडी असें छापलें जाई) आणि सेथेची सासू बेबी सग्ज ही बिआ रिचर्ड्स यांनीं उभी केली आहे. पटकथा अकोसुआ बुसिया, रिचर्ड लाग्राव्हनीझ व ॲडम ब्रूक्स या तिघांची, छायालेखन ताक फुजिमोतो यांचें, संगीत रेचेल पोर्टमन यांचें. चित्रपट १७२ मिनिटांचा आहे. अमेरिकेंत त्याचें उत्पन्न सुमारें २ कोटी ३० लाख डॉलर झालें आणि खर्चाच्या मानानें तें फारच थोडें असल्यानें तो अयशस्वी गणला गेला. प्रेक्षकांनीं पाठ फिरविली यावरून आम्ही त्याची किंमत ठरवीत नाहीं. तसें केल्यास आमच्या या त्रैमासिकाची किंमत काय ठरेल हें सांगणें नको!

गुण आधीं सांगावे. बेबी सग्ज रानांतील मोकळ्या जागीं आपल्या लोकांस जमवून उपदेश करते तो भाग उत्कृष्ट आहे. ज्या शरीरांची आजवर खरेदी-विक्री झाली त्यांवर त्यांच्या मालकांनीं, म्हणजे त्या त्या माणसानेंच, प्रेम करावें, असा तो उपदेश. कादंबरींत आपण तो वाचतों. येथें एका वृद्ध स्त्रीच्या गळ्यांतून तो ऐकूं येतो आणि जमलेल्यांचे चेहरे दिसतात. जें मुळांत मौखिकच होतें आणि म्हणून ज्याचा कागद झाला नाहीं, तें पुनः मौखिक करण्याचें सामर्थ्य चित्रपटाजवळ आहे व येथें त्याचा योग्य उपयोग झाला आहे. तसेंच डेन्व्हरचें काम. वर्षानुवर्षें अंगणाबाहेर न पडलेली ही मुलगी, आई अन्नान्न दशेस पोचल्यावर, भीत भीत रस्त्यावर येते आणि शेजाऱ्यांकडे मदत व काम मागते. किंबर्ली एलीस यांच्या चालण्यांत व बोलण्यांत हें परिवर्तन पायरीपायरीनें दिसतें. कपडे, भांडीं, चूल, ओटा यांच्या मांडणींत अभ्यास आहे. कॉलीन ॲटवुड यांच्या वेषयोजनेस ॲकॅडमी पारितोषिकासाठीं नामनिर्देश मिळाला, तो यथायोग्य होता.

परंतु मुख्य प्रश्न निराळा आहे. हत्येचा प्रसंग चित्रपटांत कसा येतो? पॉल डी यास कात्रण दाखविलें जातें, तो सेथेस जाब विचारतो, ती सांगूं लागते आणि तिच्या कथनाच्या ओघांत तो प्रसंग पडद्यावर घडतो. म्हणजे कादंबरीनें आधीं ठेवलेला शत्रुपक्षाचा हिशेब बाजूस पडला. प्रेक्षक आरंभापासून सेथेच्या पक्षास बसलेला आहे. तिच्या दुःखानें तो हळहळतो. आणि त्या घोडेस्वारांच्या भाषेंत आपणही क्षणभर विचार केला, ही लाज त्याच्या वांट्यास येत नाहीं. कात्रणाचेंही तेंच. कात्रणामागोमाग खरा प्रसंग डोळ्यांनीं पाहावयास मिळाला कीं कात्रणाचें अपुरेपण मिटतें. हें तोंड तिचें नव्हे, या पॉल डी याच्या उद्गारांतील शंका निकालांत निघते, कारण पडद्यानें आपणांस तें तोंड दाखविलेलें असतें. शाईच्या सूत्रास तर कादंबरींत जें मध्यवर्ती स्थान आहे तें चित्रपटांत मिळालेलें नाहीं.

सेथेच्या पाठीवरील व्रणांचें उदाहरण घ्यावें. आसुडानें फोडलेल्या त्या पाठीचे कादंबरींत अनेक पाठभेद आहेत. पळतांना भेटलेल्या एमी डेन्व्हर या गोऱ्या मुलीस तेथें फांद्या-पानांसह झाड दिसतें. बेबी सग्जला रक्ताचे गुलाब दिसतात. पॉल डी यास प्रथम लोहाराच्या हातचें नक्षीकाम वाटतें व नंतर नुसत्या वळांचा किळसवाणा पुंजका. ज्या स्त्रीच्या पाठीवर हा लेख कोरला आहे तिला मात्र तो कधीं दिसत नाहीं. इतरांनीं सांगितलेला पाठ तिनें मानावयाचा. चित्रपटांत कॅमेरा ती पाठ एकदां दाखवितो आणि पाठभेद संपतात. रंगभूषाकारानें कोरला तोच प्रमाणपाठ ठरतो.

याहून मोठी हानि बिलव्हेड या पात्राची झाली आहे. कादंबरींत ती नक्की कोण, याचा निर्णय नाहीं. ती मेलेली मुलगी असूं शकेल; कोणा गोऱ्यानें कोंडून ठेवलेली व सुटून आलेली वेडसर मुलगी असूं शकेल, अशी कुणकुण स्टँप पेड ऐकवितो; आणि तिच्या स्वगतांत तर आफ्रिकेंतून गुलाम भरून आणणाऱ्या गलबताच्या तळघरांतील प्रेतांची दाटी बोलते. हें स्वगत विरामचिन्हांवांचून, तुटक, मध्यें मोकळ्या जागा सोडून छापलेलें आहे. जणूं कीड लागलेला बंद वाचीत आहों असें वाटतें. अर्पणपत्रिकेंतील सहा कोटींची संख्या तेथें मूर्त होते. चित्रपटांत हा भाग जवळजवळ उतरलेलाच नाहीं. उलट आरंभींच भूत कुत्र्यास भिंतीवर आपटतें, घर हादरतें, लाल प्रकाश फांकतो. पुढें पाण्यांतून आलेली तरुणी घोगऱ्या आवाजांत अडखळत बोलते, लाळ गाळते. थँडीवे न्यूटन यांनीं मेहनतीनें केलेली ही भूमिका आहे. परंतु ही त्या घरचीच मेलेली मुलगी, याविषयीं प्रेक्षकास संशय उरत नाहीं. एका अख्ख्या समाजाची हरवलेली दफ्तरें जिच्या तोंडून बोलत होतीं, ती एका घरची पिशाचबाधा होऊन राहिली. पॉल डी याचीही तीच गति. जॉर्जिया संस्थानांत सांखळीनें जखडलेल्या कैद्यांत त्यानें काढलेले दिवस गाळले गेल्यामुळें त्याचें दुःख केवळ सेथेच्या दुःखास प्रतिसाद देणारें उरतें.

चित्रपटाची बाजू घेणारे म्हणतील कीं, दाखविणें हाच या कलेचा धर्म आहे. मोकळी जागा छापतां येते, पडद्यावर ती कशी दाखवावी? शिवाय ज्या लोकांचीं दुःखें शंभर वर्षें कोणी पाहिलींच नाहींत, तीं एकदां लक्षावधि लोकांस डोळ्यांनीं दिसावीं यांत पुण्यच नाहीं काय? आक्षेप वजनदार आहे. विन्फ्रीबाईंनीं ज्या निष्ठेनें हें काम केलें त्यामागें हीच भावना होती, आणि तिचा आम्ही आदर करतों. तरीही उत्तर असें कीं, मोकळी जागा पडद्यावरही ठेवतां येते, आणि याच चित्रपटानें ती एके ठिकाणीं ठेविली आहे. बेबी सग्जच्या उपदेशाच्या वेळीं तिच्या पूर्वायुष्यांतील छळ पडद्यावर येत नाहीं. तिचा आवाज व ऐकणाऱ्यांचे चेहरे एवढ्यांवर दिग्दर्शकानें भिस्त ठेविली, आणि तोच भाग सर्वांत खरा उतरला. हत्येच्या प्रसंगीं हा संयम सुटला. दुसरें असें कीं, पाहिलें म्हणजे कळलें, हा समज जितका सुखाचा तितकाच घातक आहे. नोबलच्या चित्रानें १८६७ मध्यें लोकांस प्रसंग दाखविला खरा. पण मेरी कोणास दिसली नाहीं.

या सर्वांचा आमच्या वाचकांशीं संबंध काय, तो आतां सांगतों. अमेरिकेंतील मळ्यांवरची गुलामगिरी व आपल्याकडील बटकी-कुणबिणींची चाल यांचें स्वरूप एक नव्हे. तीं एकत्र कालवूं नयेत. परंतु पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या खरेदी-विक्रीच्या, त्यांस कोठीकडे किंवा पागेकडे नेमून दिल्याच्या, पळून गेलेलीस धरून आणण्याच्या नोंदी आहेत, हें जाणत्यांस ठाऊक आहे. १८४३ च्या पांचव्या कायद्यानें कंपनीच्या मुलखांत गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. त्यानंतर अशा नोंदी थांबल्या, पण त्या बायकांचें व त्यांच्या मुलांचें पुढें काय झालें तें त्या नोंदी सांगत नाहींत. असा बंद हातीं आला म्हणजे आपण मिती जुळवितों, किंमत टिपतों, देणारा-घेणारा कोण तें ओळखतों आणि रुमाल बांधून ठेवतों. जिची नोंद आहे तिचें नांव बहुधा एकाच शब्दाचें असतें. बापाचें नांव नाहीं, गांव नाहीं.

या एका शब्दाचें काय करावयाचें? त्यावर भावनेनें ओथंबलेली गोष्ट रचणें हा एक मार्ग. केवळ किंमतीचा आंकडा उतरून घेणें हा दुसरा. दोन्ही मार्गांनीं ती स्त्री नाहींशीच होते. पहिल्यानें आपल्या अश्रूंत, दुसऱ्यानें आपल्या कोष्टकांत. मॉरिसनबाईंनीं जो तिसरा मार्ग दाखविला तो संशोधकासही चोखाळतां येण्यासारखा आहे. कागद कोणाच्या बाजूचा तें आधीं सांगावें. तो ज्या माणसाविषयीं आहे त्यास त्यावर बोलण्याचा अधिकार नव्हता, हें टिपणांत स्पष्ट लिहावें. आणि जेथें मजकूर नाहीं तेथें तो नाहीं असें छापावें. आपल्या प्रकाशित साधनग्रंथांच्या सूचींत राजे, सरदार, गड व लढाया यांस जागा असते. त्याच सूचींत कुणबिणींचीं हीं एकाक्षरी-दोनाक्षरी नांवेंही अकारविल्हें यावींत, अशी आमची सूचना आहे. यास पैसा लागत नाहीं. सूची करणाऱ्याची दृष्टि तेवढी बदलावी लागते.

चित्रपट पाहूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. बेबी सग्जच्या उपदेशासाठीं व डेन्व्हरच्या कामासाठीं तो अवश्य पाहावा. मात्र कादंबरी आधीं वाचावी, आणि ती वाचण्यापूर्वीं मार्गारेट गार्नरच्या दाव्याची हकीकत वाचावी. या क्रमानें गेल्यास प्रत्येक पायरीस काय मिळालें व काय गळलें तें वाचकास स्वतः ताडून पाहतां येईल. ‘द ब्लॅक बुक’ करणाऱ्या संग्राहकांनीं तें जुनें कात्रण क्षुल्लक म्हणून टाकून दिलें असतें, तर पुढचें कांहींच झालें नसतें, हेंही आपल्या मंडळींनीं ध्यानांत ठेवावें.